वाचकांचे प्रश्न : सप्टेंबर ते मार्च, राखीव संघात काय घडते?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलविषयीच्या टिपणानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात. मोठ्या क्लबांचे राखीव संघ राज्य पातळीवरील लीगमध्ये खेळतात आणि दोन हंगामांच्या मधल्या काळात ते इतके बदलतात की ओळखू येत नाहीत, हे कसे, असे अनेकांनी विचारले आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा खेळ क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी १८ खेळाडूंत खेळला जातो. लाथाडलेला चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर सहा गुण मिळतात आणि बाजूच्या आखूड खांबांच्या आतून गेला तर एक. हंगाम मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. आपण पहाटे पाचला उठून मेलबर्नची कसोटी पाहतो त्या दिवसांत फुटबॉलचे मैदान क्रिकेटकडे असते आणि पुढच्या हंगामाचा संघ दुसरीकडे कुठेतरी घडत असतो.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा. दरवर्षी काही महिने ॲडलेडला मुलीकडे राहतो. जावयांबरोबर ॲडलेड क्रोज या क्लबाचा राखीव संघ पाहायला जातो आणि तिकडच्या गेल्या हिवाळ्यात मला बरीच नावे पाठ झाली होती. यंदा परत गेलो तर निम्मे चेहरे अनोळखी होते. संघ मोडला की काय?

संघ मोडलेला नाही आणि कोणाचे चुकलेलेही नाही. आपल्याला जे दिसले ते राखीव संघाच्या रचनेतच आहे. ही रचना एकदा लक्षात आली की दरवर्षीचे बदल आपल्याला आपोआप उलगडतील.

राखीव संघात दोन प्रकारचे खेळाडू असतात. पहिले म्हणजे क्लबाच्या राष्ट्रीय पातळीवरील, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या, यादीतले व्यावसायिक खेळाडू, ज्यांची त्या आठवड्यात मुख्य संघात निवड झालेली नाही. दुसरे म्हणजे उरलेल्या जागा भरण्यासाठी घेतलेले राज्य पातळीचे खेळाडू. त्यांना तिकडे ‘टॉप-अप’ म्हणतात. ते दिवसभर नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. मुख्य क्लबाच्या यादीत साधारण ४४ जण असतात. त्यातले २३ दर आठवड्याला मुख्य सामन्यासाठी निवडले जातात, म्हणजे उरले एकवीस. समजा त्यातले सात-आठ जखमी आहेत आणि एक-दोघांना ऐनवेळचे बदली म्हणून मुख्य संघाबरोबर दुसऱ्या राज्यात जावे लागले आहे, तर राखीव सामन्यासाठी व्यावसायिक खेळाडू उरतात जेमतेम डझनभर. सामना उभा करायला लागतात बावीस-तेवीस. मधली सगळी पोकळी टॉप-अप खेळाडू भरतात. दुखापतींचा काळ आला तर निम्म्याहून अधिक संघ त्यांचाच असतो. वेस्ट कोस्ट ईगल्स या पर्थच्या क्लबात २०२३ मध्ये जखमींची रीघ लागली तेव्हा त्याचा राखीव संघ राज्य लीगमध्ये मोठमोठ्या फरकांनी हरत होता. राखीव संघाचा निकाल कितपत मुख्य संघाच्या दवाखान्यात ठरतो, हे त्या वर्षी सर्वांना दिसले.

आता मधल्या महिन्यांचा क्रम पाहा. सप्टेंबरात हंगाम संपला की क्लब काही खेळाडूंचा करार पुढे वाढवत नाही. ऑक्टोबरात साधारण दोन आठवडे क्लबांमध्ये खेळाडूंची देवाणघेवाण चालते. २०१२ पासून ठरावीक वर्षे सेवा झालेल्या खेळाडूंना स्वतःहून दुसरा क्लब निवडण्याचीही मुभा आहे. नोव्हेंबरात राष्ट्रीय ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची फेरी, होतो आणि त्यात बहुतांशी अठरा वर्षांची मुले निवडली जातात. त्यानंतरही यादीत जागा रिकामी राहिली असेल तर तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, क्लब काही खेळाडूंना सरावाला बोलावून पारखतो आणि हंगामाआधी एखाद्याला यादीत घेतो. या सगळ्यात एका क्लबाच्या यादीतून सहा ते दहा नावे जातात आणि तितकीच येतात. मुख्य संघाच्या प्रेक्षकाला हा बदल फारसा जाणवत नाही, कारण जाणारे बहुधा त्याने क्वचितच पाहिलेले असतात. पण जाणारा खेळाडू शेवटचे वर्ष कोठे खेळला होता? राखीव संघात. आणि नुकताच निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा पहिले वर्ष कोठे खेळणार? तेही राखीव संघातच. मुख्य यादीतील प्रत्येक हालचाल राखीव संघातून जाते. म्हणून एका बाजूला सात-आठ बदल झाले तरी आपल्या बाजूला अर्धा संघ नवा दिसतो.

राखीव संघाच्या हाती यातले फारच थोडे असते, असे माझे मत आहे आणि ते मी आवर्जून मांडतो. व्यावसायिक खेळाडू कोण ठेवायचे, कोण सोडायचे, कोणता अठरा वर्षांचा मुलगा आणायचा, हे सारे मुख्य क्लबाचे यादी-व्यवस्थापक ठरवतात. राखीव संघाची स्वतःची म्हणावी अशी निवड फक्त टॉप-अप खेळाडूंची. पुढच्या वर्षी जावयांबरोबर जाल तेव्हा नव्या चेहऱ्यांपैकी किती ड्राफ्टमधून आले आणि किती टॉप-अप आहेत, ते वेगळे मोजा. जुने टॉप-अप खेळाडू बऱ्याच संख्येने परतलेले दिसले, तर तो राखीव संघ नीट चालवला जातो असे खुशाल समजावे.

प्रश्न : मी नाशिकला क्रिकेट शिकवतो. व्यावसायिक क्लबाचा दुय्यम संघ राज्याच्या लीगमध्ये कसा काय खेळतो, हेच मला समजत नाही. मूळच्या क्लबांना ते चालते का?

आपल्या भाषेत सांगायचे तर, मुंबई इंडियन्सचा दुसरा संघ रणजी करंडकात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांच्या शेजारी उतरावा, तशी ही परिस्थिती आहे. मूळच्या क्लबांना ते सहज पटलेले नाही, आणि त्यांची बाजू समजून घेण्यासारखी आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची लीग एप्रिल १८७७ मध्ये स्थापन झाली, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातील पहिल्या संघटनेच्याही काही आठवडे आधी. साऊथ ॲडलेड हा क्लब १८७६ चा, नॉरवूड १८७८ चा, आणि पोर्ट ॲडलेड तर १८७० चा. या क्लबांच्या वस्त्या आणि घराणी ठरलेली आहेत, आणि तीन-तीन पिढ्यांचे सभासद आजही एकाच कठड्याला टेकून सामना पाहतात. मेलबर्नच्या लीगने १९९० मध्ये राष्ट्रीय नाव घेतले, १९९१ मध्ये ॲडलेड क्रोज तिच्यात सामील झाला आणि १९९७ मध्ये पोर्ट ॲडलेड. तेव्हापासून २०१३ पर्यंत या दोन्ही क्लबांचे जे खेळाडू मुख्य संघात नसत, ते राज्यातल्या निरनिराळ्या क्लबांकडून खेळत. परराज्यांतून निवडलेल्या मुलांची वाटणी एका छोट्या ड्राफ्टने होई. प्रेक्षकांना त्यात गोडी होती, कारण राष्ट्रीय पातळीचा खेळाडू शनिवारी आपल्या गल्लीतल्या मैदानावर दिसे. प्रशिक्षकांना मात्र ते अडचणीचे होते. एकाच क्लबाची मुले आठ ठिकाणी आठ पद्धतींनी खेळत आणि मुख्य संघाचे डावपेच त्यांच्या अंगवळणी पडत नसत.

२०१४ पासून दोन्ही क्लबांचे स्वतंत्र राखीव संघ दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये आले. त्यांनी राज्यातील इतर क्लबांचे चांगले खेळाडू ओढू नयेत म्हणून त्यांच्या भरतीवर निर्बंध घालण्यात आले. ऑफ-सीझनमधील, म्हणजे दोन हंगामांच्या मधल्या काळातील, बदल समजून घेताना हे निर्बंध विसरून चालणार नाही. नॉरवूड किंवा स्टर्ट अशा मूळच्या क्लबाला मध्यरेषेवर एक खेळाडू कमी पडतो असे वाटले, तर तो हिवाळा संपताच ठरवून तसा खेळाडू शोधू शकतो. क्रोजच्या राखीव संघाला तशी मोकळीक नाही. त्याच्या टॉप-अप खेळाडूंचा शोध ग्रामीण लीग आणि हौशी क्लब यांतून चालतो.

याचा परिणाम निकालांत दिसतो. २०१४ ते २०२४ या अकरा हंगामांत दक्षिण ऑस्ट्रेलियाचे अजिंक्यपद एकदाही राखीव संघाकडे गेले नाही. पोर्ट ॲडलेडचा राखीव संघ तीनदा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. २०१४ मध्ये तो नॉरवूडकडून ४ गुणांनी हरला, २०१७ मध्ये स्टर्टकडून अवघ्या एका गुणाने, आणि २०१९ मध्ये ग्लेनेल्गकडून. २०२० मध्ये साथीच्या निर्बंधांमुळे दोन्ही राखीव संघ उतरलेच नाहीत आणि लीग आठ मूळ क्लबांची होऊन गेली. त्या वर्षी अनेक जुन्या सभासदांनी मनापासून सुटकेचा निःश्वास टाकला. हे त्या दोन संघांच्या समर्थकांना ऐकायला आवडणार नाही, पण ते खरे आहे.

व्हिक्टोरियात इतिहास वेगळा आहे. तेथे १९१९ पासून राखीव संघांची स्वतंत्र स्पर्धा होती. ती १९९९ नंतर बंद झाली आणि २००० पासून राखीव संघ राज्य लीगमध्ये मिसळले. काही क्लबांनी स्वतःचा संघ उतरवला आणि काहींनी जुन्या क्लबांशी जोडणी केली, म्हणजे आपले राखीव खेळाडू त्यांच्याकडून खेळवले. बॉक्स हिल या जुन्या क्लबाची हॉथॉर्न या मोठ्या क्लबाशी असलेली जोडणी तेव्हाची आहे. २०२१ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील लीग त्यात विलीन झाली आणि सिडनी, ब्रिस्बेन व गोल्ड कोस्टचे राखीव संघही मेलबर्नच्या संघांशी खेळू लागले. पश्चिमेकडे फ्रीमँटल या राष्ट्रीय लीगमधील क्लबाने २०१४ मध्ये पील थंडर या क्लबाशी जोडणी केली. पीलने २०१६, २०१७ आणि २०२४ अशी तीन अजिंक्यपदे मिळवली, तीही अर्थातच फ्रीमँटलच्या खेळाडूंसह. त्यामुळे राखीव संघ हवा की नको हा वाद प्रत्येक राज्यात निराळ्या चेहऱ्याने समोर येतो.

प्रश्न : आम्ही मेलबर्नच्या पूर्व उपनगरात राहतो. माझा २१ वर्षांचा मुलगा हौशी क्लबाकडून खेळतो आणि विद्युत-कामाची उमेदवारी करतो. एका मोठ्या क्लबाच्या राखीव संघाने त्याला नोव्हेंबरपासून सरावाला बोलावले आहे. मागच्या वर्षी त्याच्या मित्राला दुसऱ्या एका संघाने असेच बोलावले, उन्हाळाभर राबवून घेतले आणि मार्चमध्ये काही न सांगता यादीतून वगळले. तोवर त्याच्या जुन्या क्लबातील जागाही भरली होती. मुलाला जाऊ द्यावे का? आई म्हणून काळजी वाटते.

जाऊ द्यावे, असेच माझे मत आहे. पण डोळे उघडे ठेवून, आणि काही गोष्टी आधी विचारून घेऊन.

पहिल्यांदा तेथे काय असते ते सांगतो. मी एका जानेवारीच्या संध्याकाळी अशा एका संघाचा सराव पाहिला होता. पावणेसहा वाजले होते, ऊन अजून कडक होते आणि वाहनतळावर एकामागून एक छोटे टेम्पो येऊन थांबत होते. त्यांतून उतरणाऱ्या मुलांच्या अंगात बांधकामावरचे चमकदार पिवळे शर्ट होते आणि बुटांवर सिमेंटची पांढरी पूड होती. एकाने टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून बूट बदलले, डब्यातला थंड भात उभ्याउभ्या संपवला आणि धावत मैदान गाठले. दोन किलोमीटर धावण्याची वेळ नोंदवली जाणार होती. कठड्याच्या पलीकडे क्लबाचे व्यावसायिक खेळाडू दिवसाचे काम आटोपून, आंघोळ करून घरी निघाले होते. दोघांच्या अंगावर एकाच क्लबाचे बोधचिन्ह होते. आपल्या मुलाला याच वाहनतळावर चार महिने यायचे आहे, म्हणून हे इतक्या तपशिलात लिहिले.

नोव्हेंबरात बहुधा पहिल्या चार वर्षांतले व्यावसायिक खेळाडू आधी परततात आणि अनुभवी नंतर. राज्य पातळीची मुले साधारण त्याच सुमारास आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी येऊ लागतात. नाताळात सुट्टी असते, जानेवारी-फेब्रुवारीत खरी मेहनत होते आणि मार्चमध्ये सराव सामने. बोलावलेल्यांपैकी सगळ्यांना करार मिळत नाही. क्लब हे लपवत नाहीत, पण मुले ते ऐकून घेत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा की यादी कोणत्या तारखेला पक्की होईल आणि न घेतलेल्यांना कोण, केव्हा कळवेल. ज्या संघाकडे या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे, तो संघ मुलाला घेवो अथवा न घेवो, त्याच्याकडे जाण्याने नुकसान होत नाही. आपल्या मुलाच्या मित्राचे जे झाले ते मला फार वाईट वाटते. वगळणे हा खेळाचा भाग आहे, पण न कळवणे हा खेळाचा भाग नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या सध्याच्या क्लबाची. राखीव संघाला त्याच्या खाली आणखी एक संघ नसतो. ज्या आठवड्यात मुख्य संघाचे बरेच व्यावसायिक खेळाडू दुखापतीतून परततात, त्या आठवड्यात टॉप-अप मुलांना जागा नसते आणि ती आपापल्या मूळ क्लबाकडून खेळतात. कधी कधी हा निर्णय गुरुवारी रात्री होतो. तेव्हा मुलाने मूळ क्लबाच्या प्रशिक्षकाला आताच, नोव्हेंबरात, सगळे मोकळेपणाने सांगावे. त्याची जागा भरली गेली तर दोष बहुधा त्या क्लबाचा नसतो, त्याला कोणी कळवलेलेच नसते. तसेच व्हिक्टोरियातील स्थानिक लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला गुण दिलेले असतात आणि एका संघाच्या एकूण गुणांवर मर्यादा असते. राज्य पातळीवर खेळल्याने खेळाडूचे गुण वाढतात. उद्या तो तिसऱ्याच क्लबाकडे गेला, तर त्याच्या वाढलेल्या गुणांचा हिशोब त्या क्लबाला करावा लागतो. हे नियम मूळ क्लबाच्या सचिवाकडून नीट समजून घ्यावेत.

तिसरी गोष्ट पैशाची आणि कामाची. राज्य पातळीच्या खेळाडूला सामन्यागणिक मोबदला मिळतो आणि संघाच्या एकूण खर्चावर मर्यादा असते, त्यामुळे त्यावर घर चालत नाही. करार बहुतेक एका वर्षाचा असतो. खेळला तरच पैसे मिळणार का, जखमी झाल्यास काय, दवाखान्याचा खर्च कोणाकडे, उमेदवारीचे काम बुडाले तर भरपाई आहे का, हे लेखी विचारावे. विजेच्या कामात हात महत्त्वाचा असतो आणि या खेळात बोटे मोडणे ही नेहमीची दुखापत आहे. आणि २०२१ नंतर व्हिक्टोरियाच्या संघांना सिडनी, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट येथे विमानाने जावे लागते. अशा वेळी शुक्रवारी किंवा सोमवारी सुट्टी लागू शकते. त्याच्या मालकाशी त्याने आधीच बोललेले बरे.

एवढी काळजी घेऊन मुलगा चार महिने गेला, तर त्याला जे मिळेल ते हौशी क्लबात पाच वर्षांत मिळणार नाही. व्यावसायिक पातळीचे व्यायामतज्ज्ञ, सामन्याच्या चित्रफिती बसून समजावणारे प्रशिक्षक, आणि मुख्य म्हणजे आपण नेमके किती मागे आहोत याचे आकड्यांत उत्तर त्याला तेथे मिळेल. यादीत नाव आले नाही तरी तो आपल्या जुन्या क्लबात वेगळा खेळाडू म्हणून परतेल. ताई, आपण एकदा त्याच्याबरोबर पहिल्या दिवशी जाऊन या. मुलाला थोडे अवघडल्यासारखे होईल, पण ज्यांच्या हाती तो सोपवायचा आहे त्यांचे चेहरे आपण पाहिलेले असतील.

प्रश्न : राखीव संघाचा प्रशिक्षकही वर्षा-दोन वर्षांनी बदलतो. तो निकालांमुळे का? (एक वाचक, कोल्हापूर)

क्वचितच. राखीव संघाचा प्रशिक्षक हा मुख्य क्लबाचा नोकर असतो आणि बहुधा तरुण खेळाडूंना घडवण्याचे कामही त्याच्याकडेच असते. त्याची बढती मुख्य संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकपदावर होते, नाहीतर मुख्य प्रशिक्षक बदलला की नव्या मंडळींबरोबर त्याचीही जागा हलते. शिवाय क्लबांनी प्रशिक्षण विभागावर किती खर्च करावा यालाही मर्यादा आहे. साथीनंतर २०२१ साठी ती सुमारे ९७ लाख डॉलरांवरून ६२ लाखांवर आणली गेली. त्या कपातीत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि उरलेल्यांकडे दोन-दोन कामे आली. त्यामुळे राखीव संघाच्या प्रशिक्षकाला शनिवारच्या विजयापेक्षा सोमवारचा अहवाल अधिक महत्त्वाचा वाटला, तर त्याला बोल लावू नये. मुख्य संघाला डाव्या पायाचा बचावपटू तयार हवा असेल, तर तो मुलगा जिंकण्याच्या दृष्टीने चुकीच्या जागीही खेळवला जातो.

प्रश्न : मग राखीव संघाने अजिंक्यपद जिंकण्याला अर्थ काय? मी पुण्यात राहून हे सामने पाहतो आणि मला तरी ते नुसते सराव वाटतात.

अर्थ आहे, आणि माझ्या दृष्टीने फार मोठा आहे. फूट्सक्रे हे वेस्टर्न बुलडॉग्जच्या राखीव संघाचे नाव. २०१३ पर्यंत त्या क्लबाचे राखीव खेळाडू विल्यमस्टाउनकडून खेळत. त्यानंतरच्या मधल्या महिन्यांत क्लबाने ती जोडणी सोडून स्वतःचा संघ उभा केला. प्रशिक्षक ख्रिस मेपल यांच्या हाताखाली त्या संघाने पहिल्याच वर्षी, २०१४ मध्ये, व्हिक्टोरियाचे अजिंक्यपद जिंकले. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, राखीव संघ पुन्हा विजेता झाला आणि त्याच वर्षी मुख्य संघाने १९५४ नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय करंडक उचलला. एकाच शैलीत खेळणारे दोन संघ एका छताखाली असण्याचा हा लाभ होता. दुसरीकडे, २०२४ मध्ये व्हिक्टोरियाच्या लीगमध्ये कोणत्याही मोठ्या क्लबाशी जोडलेला नसलेला वेरिबी हा संघ विजेता झाला आणि त्याने अंतिम सामन्यात हरवलेला साउथपोर्टही तसाच स्वतंत्र होता. वेरिबीचे हे १९९३ नंतरचे पहिले अजिंक्यपद. ज्या क्लबाला आपली यादी स्वतः निवडता येते त्याच्या ऑफ-सीझनची ताकद त्या दिवशी दिसली.

एका खेळाडूचे उदाहरण देतो. मार्लियन पिकेट हा पश्चिम ऑस्ट्रेलियात साऊथ फ्रीमँटलकडून राज्य पातळीवर खेळत होता. २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यावरचा ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला आणि त्यात मेलबर्नच्या रिचमंड या मोठ्या क्लबाने त्याला घेतले, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. उरलेला हंगाम तो राखीव संघाकडून खेळला. सप्टेंबरात व्हिक्टोरियाच्या अंतिम सामन्यात रिचमंडच्या राखीव संघाने विल्यमस्टाउनला ३ गुणांनी हरवले आणि सर्वोत्तम खेळाडूचे पदक पिकेटला मिळाले. सहा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर एक लाख प्रेक्षकांसमोर तो मुख्य संघाकडून पहिल्यांदाच उतरला, तोही थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात. असे पदार्पण १९५२ नंतर कोणाचेही झाले नव्हते. त्याने २२ वेळा चेंडू खेळवला आणि एक गोल केला. रिचमंडने तो सामना ८९ गुणांनी जिंकला. राखीव संघाचा सामना नुसता सराव असता, तर त्या सहा दिवसांत रिचमंडच्या निवडकर्त्यांना एवढा विश्वास कोठून आला असता?

प्रश्न : मार्चमध्ये कामानिमित्त पर्थला जात आहे. नवा राखीव संघ घडताना पाहायचा असेल तर कोठे जावे आणि कोणाकडे पाहावे? (एक वाचक, ठाणे)

मार्चमध्ये राज्य लीगचे सराव सामने चालू असतात. वेस्ट कोस्टचा राखीव संघ २०१९ पासून स्वतःच्या नावाने खेळतो आणि त्यांचे सरावाचे ठिकाण शहराजवळच लॅथलेनला आहे. पील थंडर शहराच्या दक्षिणेला, मँडुरा येथे आहे. पर्थहून तेथे रेल्वेने जाता येते. सराव सामन्यांना गर्दी नसते, त्यामुळे कठड्याला अगदी लागून उभे राहता येते आणि प्रशिक्षकांच्या हाका स्पष्ट ऐकू येतात.

अशा संघात पाठीवरच्या क्रमांकांकडे लक्ष द्यावे. व्यावसायिक यादीतल्या खेळाडूंना लहान क्रमांक मिळतात आणि टॉप-अप मुलांना बहुधा पन्नाशीच्या पुढचे. पहिल्या दोन सत्रांत व्यावसायिक खेळाडू असतात, मग त्यांना विश्रांती देऊन एकेक साठ-सत्तरच्या क्रमांकाचा मुलगा आत सोडला जातो. करार कोणाला मिळणार हे ठरवण्यासाठी प्रशिक्षकांना या मुलांना पाहण्याची तीच वेळ असते. म्हणून शक्य असल्यास शेवटच्या सत्रापर्यंत थांबावे.